नोरीनचा तर्क चुकतो

सँडहेवन, नॉर्थम्बरलंड
१६ फेब्रुवारी १९९४

प्रिय हिलरी,

पुस्तकं मिळाली. बेकरीवाल्या बाईचं परवाच संपवलं. मेजरसाहेब पहिल्याच प्रकरणात मेले ते बरं झालं. आणखी दोन पानं जगले असते तर मीच त्यांचा गळा दाबला असता. खुनी तो भाचा हे मला साठाव्या पानावरच कळलं होतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन चहात चार चमचे साखर घालतो आणि कुत्र्याला पायाने ढकलतो, तो माणूस काय साधा असणार? तुला कितव्या पानावर कळलं ते खरं खरं कळव. मागच्या वेळी तू थाप मारली होतीस.

सोबत दोन पाठवतेय. एक त्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंचं आहे. या खेपेला खून चर्चच्या जत्रेत होतो, तेही मुरंब्याच्या स्पर्धेत. दुसरं मी वाचलेलं नाही, पण मुखपृष्ठावर चहाची किटली आणि मांजर आहे, म्हणजे आपल्या कामाचंच असणार.

इथे वारा एवढा आहे की कपडे वाळत घालावेत तर ते थेट डेन्मार्कला पोचतील. माझे कान पूर्वीसारखेच. नवं यंत्र बसवलंय, पण फोन कानाला लावला की ते शिट्टी वाजवतं. तेव्हा आपली पत्रंच बरी.

येत्या अठ्ठावीस मार्चला क्लाइव्हला जाऊन दोन वर्षं होतील. तुझा भाऊ जिवंत असता तर आपल्या दोघींच्या या पुस्तकांना अजूनही ‘म्हाताऱ्यांच्या खुनाखुनीचा खेळ’ म्हणाला असता. ईस्टरला नेहमीसारखी मीच येते तुझ्याकडे. तुझ्या त्या ताठ पाठीच्या खुर्च्या सोडल्या तर मला तिथे सगळं आवडतं.

तुझी,
नोरीन


व्हिटकॉट, श्रॉपशायर
२ मार्च १९९४

प्रिय नोरीन,

पुस्तकं पोचली. आभार.

पुढचे काही आठवडे मला रोज शहरात जावं लागणार आहे. सकाळी सात वीसची बस, परत यायला सहा वाजतात. काम काय ते विचारू नकोस. सांगता येणार नाही. ईस्टरचंही आत्ता नक्की नको ठरवूया.

एक मागणं आहे. असतील तेवढी पुस्तकं पाठव. वाचलेली चालतील. फक्त एवढं बघ की त्यांत लहान मूल मरत नसावं आणि प्रेताचं वर्णन नसावं. मांजरं, मुरंबे, पाद्री, सगळं चालेल.

भाचा मला शेवटपर्यंत कळला नाही.

हिलरी


सँडहेवन
६ मार्च

प्रिय हिलरी,

विचारू नकोस म्हणतेस आणि मी विचारणार नाही असं तुला वाटतं? बत्तीस वर्षं तुझी भावजय आहे मी.

माझे अंदाज असे. एक, तू गाडी चालवायला शिकतेयस आणि चौथ्यांदा नापास झालीस तर कळू नये म्हणून लपवतेयस. दोन, शहरात कुणीतरी भेटलंय. विधुर, छोटा बगिचा, स्वच्छ नखं. हे असेल तर मी रागावणार नाही, फक्त त्याचं नाव आणि तो चहात किती साखर घालतो ते कळव. तीन, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर तुला घर खायला उठलंय आणि तू कुठेतरी पुन्हा शंभर पोरांसाठी बटाटे सोलतेयस.

चार पुस्तकं पाठवलीत. पोस्टातल्या मुलीने वजन करताना विचारलं, “विटा आहेत का?” मी म्हटलं, “खून आहेत, बाळ. चार.”

नोरीन


व्हिटकॉट
१४ मार्च

प्रिय नोरीन,

तुझे तिन्ही अंदाज चुकले. पण नखांवर हसले. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

पुस्तकं बसमध्ये वाचते. जाताना चाळीस पानं, येताना चाळीस. खुनी कोण याचा विचारही करत नाही. मला ती सुरुवात आवडते. गाव, दुकानं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या बागेतला भोपळा मोठा. चर्चच्या जत्रेचं पहिलं प्रकरण तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझा थांबा निघून गेला आणि पळत मागे यावं लागलं.

दिवसभर एका खोलीत बारा जण बसतो. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात चहाची मोठी टाकी, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. शेजारचे एक गृहस्थ शब्दकोडी सोडवतात. एक तरुण मुलगी आहे, ती नुसती हात चोळत बसते. मग एक माणूस येऊन बोलावतो आणि आम्ही आत जातो. तिथे जे असतं ते असतं. कधी तासाभरात बाहेर, कधी संध्याकाळपर्यंत. अजून तीन आठवडे तरी लागतील म्हणतात.

सँडविच नेते आणि तसंच परत आणते. निळ्या स्कर्टला सेफ्टीपिन लावावी लागतेय. काळजी करू नकोस.

हे लिहायलाही नको होतं. पुस्तकं पाठव.

हिलरी


सँडहेवन
१८ मार्च

माझी हिलरी,

तुझं पत्र आल्यापासून चारदा वाचलं. आज थट्टा करत नाही.

रोज शहरात. सकाळी जायचं, आठवड्याचे पाचही दिवस. भिंतीला लागून खुर्च्या असलेली खोली. एक माणूस येऊन बोलावतो. ‘आत जे असतं ते असतं.’ अन्न जात नाही. स्कर्ट सैल. अजून तीन आठवडे. आणि कुणाला सांगायचं नाही.

अगं, ती खोली मी पाहिलीय. क्लाइव्हबरोबर दवाखान्यात सहा आठवडे मी तशाच खोलीत बसले होते, फक्त शहर दुसरं. आमच्याकडेही शब्दकोडीवाले एक गृहस्थ होते. हात चोळणारी मुलगीही होती.

कुठे आहे ते सांग. छातीत? पोटात? तुमच्या घरात पोटाचं आहे.

क्लाइव्हने माझ्यापासून महिनाभर लपवलं होतं, तुला माहीत आहे. रोज म्हणायचा, गॅरेजमध्ये काम वाढलंय. कळलं तेव्हा मला आजाराचा धक्का बसला नाही एवढा त्या महिन्याचा बसला. एकटा जात होता, एकटा येत होता, आणि मी घरी त्याला बूट पुसत नाही म्हणून बोलत होते.

आपली ही पुस्तकं कुठे सुरू झाली ते विसरलीस? त्याच दवाखान्याच्या जिन्याखाली जुन्या पुस्तकांचं कपाट होतं. तो आत गेला की मी एक उचलायची. वीस मिनिटं मी अशा गावात असायची जिथे मेलेला माणूस कुणाचाच लाडका नसतो आणि शेवटच्या पानावर सगळ्यांना समजतं की काय झालं, का झालं. त्या वीस मिनिटांमुळे मी दार उघडल्यावर त्याच्याकडे बघून हसू शकले. म्हणून तू एवढी पुस्तकं का मागतेयस हे मला कुणी सांगायला नको.

गुरुवारी येते. दहा वाजताची गाडी आहे. एकटीने नको गं.

नोरीन


व्हिटकॉट
२१ मार्च

नोरीन,

घाईत लिहितेय, बसच्या आधी पेटीत पडायला हवं.

मी आजारी नाही. शप्पथ. डॉक्टर नाही, दवाखाना नाही, पोट नाही, छाती नाही. तुझा तर्क चुकलाय.

गुरुवारी येऊ नकोस. तू समोर बसलीस की मी सगळं सांगून टाकेन, आणि सांगितलं तर फार मोठी चूक होईल. माझ्यापुरती नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्याची. याहून जास्त लिहिता येत नाही. एवढा विश्वास ठेव.

हिलरी


सँडहेवन
२४ मार्च

हिलरी,

‘मी आजारी नाही. शप्पथ.’ क्लाइव्हचे शब्द. जसेच्या तसे. भाऊ-बहिणीला एकाच शाळेत खोटं बोलायला शिकवलं होतं का?

तिकीट परत केलं. तुला मी नको असेन तर जबरदस्तीने येऊन दारात उभी राहणारी बाई मी नाही. पण तुझ्या शेजारच्या मिसेस पेटिफरना फोन मात्र केला, शिट्टी वाजली तरी. त्या म्हणाल्या, “सहाला येतात, कोट न काढता बागेतल्या बाकावर बसतात, अंधार पडला की आत जातात. मी काल विचारलं, बरं आहे ना, तर म्हणाल्या, बरं आहे, हवा खातेय.” बाहेर चार अंश तापमान आणि तू हवा खातेयस.

सहा पुस्तकं पाठवतेय. त्यांच्या खाली क्लाइव्हची तपकिरी लोकरी टोपी आहे. केस जायला लागले की डोक्याला फार थंडी वाजते, तो म्हणायचा. लागली तर वापर. नाही लागली तर मी खुळी आहे असं म्हण, मला चालेल.

नोरीन


सँडहेवन
६ एप्रिल

हिलरी,

ईस्टर गेला. अठ्ठावीस तारखेला थडग्यावर पिवळी फुलं ठेवली, तुझ्याही नावाची ठेवली. तुझं पत्र नाही, कार्ड नाही.

मला काही वाचता येत नाहीय. काल एक नवीन पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर स्वयंपाकीण ओरडत दिवाणखान्यात येते. एरवी मी पाय वर घेऊन बसले असते. काल मिटवून ठेवलं.

दोन ओळी लिही. नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल.

नोरीन


व्हिटकॉट
१३ एप्रिल

माझी लाडकी नोरीन,

संपलं. काल दुपारी साडेबाराला संपलं. मी घरी येऊन झोपले ते थेट चौदा तास. आत्ता दोन अंडी, तीन टोस्ट आणि मिसेस पेटिफरनी दिलेला अख्खा केक खाऊन लिहायला बसलेय. मी ठणठणीत आहे. हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

मी ज्यूरीत होते.

शहरातल्या कोर्टात, खुनाच्या खटल्यात, निकाल देणाऱ्या बारा साध्या माणसांतली एक. पहिल्याच दिवशी न्यायाधीश आमच्याकडे बघून म्हणाले, “या खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. घरच्यांशीसुद्धा नाही.” मी ते अक्षरशः घेतलं. आता कळतंय की ज्यूरीत आहे एवढं सांगायला हरकत नव्हती. पण नोरीन, मी तुला ओळखते. तू त्याच दिवशी वाचनालयात जाऊन आमच्या शहराचं वर्तमानपत्र मागवलं असतंस आणि तिसऱ्या दिवशी मला खुनी कोण ते पत्राने कळवलं असतंस.

हसू नकोस. कळवलंच असतंस.

तुझी १८ मार्चची चिठ्ठी वाचून मी बसमध्ये रडले. तुझं काहीच चुकलं नव्हतं. शब्दकोडीवाले, हात चोळणारी मुलगी, नाव पुकारणारा माणूस, सगळं होतं. मला रोज वाटायचं, एक ओळ लिहावी, तिचा जीव भांड्यात पडेल. आणि मग वाटायचं, एक ओळ लिहिली की दुसरी लिहीन. ईस्टरच्या आठवड्यात तुला लिहिलेली तीन पत्रं फाडली. त्यासाठी मला माफ कर. क्लाइव्हचा महिना मी तुला पुन्हा जगायला लावला.

आत बंद खोलीत आम्ही बारा जण काय बोललो ते कधीच सांगणार नाही, मरेपर्यंत. पण उघड कोर्टात जे झालं ते सगळ्या शहराने ऐकलंय, ते सांगते.

दोन भाऊ. लेनर्ड आणि डेनिस हॉकली. कालव्यावर त्यांचा नावा दुरुस्त करायचा कारखाना. गेल्या जूनमध्ये थोरला, लेनर्ड, कालव्याच्या पाणदरवाज्यात, जिथे पाणी अडवून नावा वर-खाली करतात तिथे, मेलेला सापडला. डोक्याला जखम. धाकटा शेजारी गुडघाभर चिखलात बसलेला, ओलाचिंब. आदल्या दिवशी दोघांचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, कारखाना विकायचा की नाही यावरून. सरकारी वकील म्हणाले, डेनिसने लोखंडी दांडा घातला. डेनिस म्हणाला, “तो दरवाज्यावरून घसरला, दगडावर आपटला. मी उडी मारली. मला पोहता येत नाही, तरी मारली.” डॉक्टर दोन आले आणि दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. मध्ये न्यायाधीशच आठवडाभर आजारी पडले आणि सगळं लांबलं.

पण मला ते वकील, ते डॉक्टर आठवत नाहीत. मला मिसेस हॉकली आठवतात. त्या रोज वर प्रेक्षकांत, दुसऱ्या रांगेत बसायच्या. साधारण तुझ्याच वयाच्या. दर सोमवारी कोर्टातल्या माणसाकडे आरोपीसाठी इस्त्री केलेला शर्ट द्यायच्या, डेनिस तुरुंगातून यायचा ना. बारीक हिरव्या चौकटीचा शर्ट. आणि दुसऱ्या आठवड्यात आम्हाला पुराव्याची पिशवी दाखवली, लेनर्डच्या अंगावरचे कपडे. त्यातही तोच शर्ट, तीच चौकट. बाईंनी दोघांना एकाच दुकानातून घेतला असणार. मी वर बघितलं. त्या पिशवीकडे बघत नव्हत्या. खाली डेनिसच्या कॉलरकडे बघत होत्या, नीट बसलीय का ते.

मेलेल्याची आई आणि आरोपीची आई. बाई एकच. कुठल्या बाजूला बसायचं?

नोरीन, आपल्या पुस्तकांत मेलेल्याला आई नसते. तुझ्या कधी लक्षात आलं होतं का? भाचा असतो, वकील असतो, मोलकरीण असते, घटस्फोट दिलेली बायको असते. आई कधीच नसते. मला हे सात वीसच्या बसमध्ये लक्षात आलं, आणि मी ते पुस्तक छातीशी धरून बसले. म्हणूनच वाचता येतात ती. शाळेतल्या कामाने दमून मी वाचायची तेव्हा ते मनोरंजन होतं. या सहा आठवड्यांत ते वेगळंच काही झालं. चाळीस पानं मी अशा गावात राहायची जिथे मृत्यूने कुणाचं काही मोडत नाही. मग बस थांबायची आणि मी उतरून मिसेस हॉकलींसमोर जाऊन बसायची. ती चाळीस पानं नसती तर मी नीट ऐकू शकले नसते. आणि ऐकणं हेच तर माझं काम होतं. लोक हसतात या पुस्तकांना. क्लाइव्ह हसायचा. हसू देत.

तुझी टोपी आली त्या दिवशी मी बागेत ती घालून बसले. मिसेस पेटिफर म्हणाल्या, पुरुषाची दिसते. मी म्हटलं, माझ्या भावाची आहे.

सोमवारी आम्हाला खोलीत पाठवलं. रात्री एका हॉटेलात ठेवलं, दाराबाहेर पहारा. काल सकाळी पुन्हा बसलो आणि साडेबाराला बाहेर आलो. आमच्यातर्फे बोलायला शब्दकोडीवाले गृहस्थ उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. कारकुनाने निकाल विचारला. ते म्हणाले, “निर्दोष.”

डेनिस खाली बसला, जणू कुणी त्याच्या खांद्यावरून पोतं काढून घेतलं. मी वर बघितलं तर मिसेस हॉकली जागेवर नव्हत्या. नंतर मी बाहेर बसची वाट बघत उभी होते तेव्हा त्या दोघांना पाहिलं. समोरच्या फुटपाथवर. आईने त्याची बाही धरली होती, लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तशी, आणि तो चाळिशीचा माणूस ती धरू देत होता. हिरवा दिवा लागला आणि ते पलीकडे गेले.

मी बसमध्ये पुस्तक काढलं नाही. खिडकीतून बघत आले. शेतात मेंढ्यांची पिल्लं होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटली.

आता तू ये. लगेच ये.

तुझी,
हिलरी


सँडहेवन
१८ एप्रिल

अगं दुष्ट बाई,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ‘मी ठणठणीत आहे’पर्यंत उभी होते, मग जिन्यावर बसले. तिथेच पुन्हा वाचलं, तू सांगितलंस तसं. पोस्टमन अजून फाटकातच होता, त्याने विचारलं, “वाईट बातमी आहे का, मिसेस ब्रेथवेट?” मी म्हटलं, “नाही रे, माझी नणंद ज्यूरीत होती!” आणि त्याच्या गळ्यात पडून रडले. तो बिचारा माझ्या पाठीवर थोपटत म्हणाला, “हो हो, तेही फार त्रासाचं असतं.”

नंतर रागावले. मग स्वयंपाकघरात जाऊन बटाटे उकडले आणि लोणी घालून सगळे खाल्ले. मीही तीन आठवडे नीट जेवले नव्हते.

माझे पुरावे सगळे बरोबर होते, हे तू स्वतः लिहिलंयस. निष्कर्ष तेवढा चुकला. तेवढं चालतं. आणि हो, वर्तमानपत्र मी मागवलंच असतं.

आई नसते हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. शुक्रवारपासून कपाटातली तीस-एक पुस्तकं काढून चाळली. एकात सापडली, पण ती पहिल्याच प्रकरणात कॅनडाला गेलेली आहे.

आता एक कबुली. मी फादर ऑलिफंटना तुझ्याबद्दल सांगितलं होतं. गेले तीन रविवार अख्खं सँडहेवन ‘गंभीर आजारी असलेल्या आमच्या भगिनी हिलरी’साठी प्रार्थना करतंय. शिवणमंडळाने कार्ड केलंय, बावीस सह्या आहेत. डोरिन मॅकबेथने तर तुझ्यासाठी रजई शिवायला घेतलीय, अर्धी झालीय.

शनिवारी मी पाद्रीबाबांच्या घरी गेले. तोंड लपवायला जागा नव्हती. म्हटलं, “फादर, ती बरी आहे. म्हणजे आजारी नव्हतीच. ती कोर्टात होती.”

ते घाबरले. “काय केलं त्यांनी?”

“काही नाही हो! ज्यूरीत होती.”

ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग म्हणाले, “ठीक आहे, देवाचे आभार मानू. पण प्रार्थनेच्या यादीत जागा रिकामी झाली. उद्या तिथे कुणाचं नाव घालू?”

मी म्हटलं, एका आईचं घाला. दोन मुलगे आहेत तिला, एक मेलाय आणि एक घरी आलाय.

नाव विचारलं तर सांगितलं नाही. तुझ्यासारखीच तोंड शिवून बसले. काल सकाळी चर्चमध्ये त्यांनी तसंच वाचलं, ‘एका आईसाठी आणि तिच्या दोन मुलांसाठी’, आणि साठ-सत्तर माणसं, ज्यांना यातलं काही ठाऊक नाही, ती मान खाली घालून ‘आमेन’ म्हणाली. माझ्या पुढच्या बाकावरचा म्हातारा फर्ग्युसन, ज्याने आजवर कधी माझ्यासाठी दार धरलेलं नाही, तोसुद्धा म्हणाला. मला फार बरं वाटलं.

गुरुवारी येते. गाडी तीन चाळीसला पोचते. आत बाकावर बसू नकोस, फलाटाच्या टोकाला उभी राहा. मला तुला लांबूनच बघायचंय, दोन पायांवर, जाडजूड, रागावलेली.

तुझी,
नोरीन